कातरीन होडीत बसली

गिरीज,
१४ नोव्हेंबर २०००

प्रिय रिचेल,

रविवारचा तुझा फोन नेहमीसारखाच झाला. तू माझ्या तब्येतीचं विचारलंस, मी तुझ्या तब्येतीचं विचारलं, मधेच लाइन खरखरली आणि सांगायचं होतं ते सगळं माझ्या घशातच राहिलं. सगळा जन्म फळ्यासमोर उभी राहून बोलले, पण फोन हातात आला की मी पहिलीतल्या मुलीसारखी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलते. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. हर्षवर्धनला सांग, आजचं जेवण त्याने बघावं, आणि तू पाय वर घेऊन बस. पाचव्या महिन्यात पाय लोंबकळत ठेवून बसू नये, हे तू स्वतः नर्स असूनही मीच सांगायचं.

आधी वाडीची खबर. राजेळी केळीचे घड यंदा चांगले भरले आहेत. सोलून उन्हात सुकेळी करायला घातली आहेत, ओटीवर पाऊल ठेवलं की गोड वास येतो आणि मुंग्यांची चंगळ आहे. विहिरीचं पाणी मात्र खारटावत चाललंय. रस्त्यापलीकडे डाबऱ्यांची वाडी होती ना, तिथे आता चार मजले उभे राहिले. त्यातली एक नवीन बाई परवा माझ्याकडे आली आणि विचारत होती, की आंटी, ही केळीची झाडं तुम्ही दर वर्षी नवीन विकत आणता का. मी तिला बसवून चहा दिला आणि केळीच्या बुंध्याशी आपोआप फुटणाऱ्या पिल्लांवर छोटासा पाठ घेतला. बिचारी पुन्हा आली नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात एक म्हण आहे, ती तुला चांगलीच ठाऊक आहे. कुणाची मुलगी न सांगता निघून गेली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, एवढंच काय, शेजारची मांजर दोन दिवस दिसली नाही, तरी आपल्याकडे म्हणतात, 'होडीत बसली.' गिरीजमधल्या दुसऱ्या कुठल्याही घरात असं म्हणत नाहीत, मी चौकशी केली आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, सासरचे पूर्वी दर्यावर्दी असणार. पण हे तर पिढ्यान् पिढ्या वाडीवाले. यांची पाण्याशी ओळख विहिरीपुरती. तुझ्या बाबांना तर वालीवच्या कारखान्यात जाताना पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं तरी सायकल हातात धरून चालायची सवय होती.

दोन वर्षांपूर्वी तू मस्कतहून फोन करून सांगितलंस, की मी आणि हर्षवर्धनने लग्न केलं. बाबांनी ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि ओटीवर जाऊन बसले. तिथूनच मोठ्याने दोनच शब्द बोलले, 'होडीत बसली.' विमानाने गेलेल्या पोरीला त्यांनी होडीत बसवलं. ते फोनमधून तुझ्या कानावर गेलं, हे तू मला नंतर सांगितलंस. तेव्हापासून तुझा फोन वाजला की ते वाडीत पंप बघायला जातात, पंप चालू असो की नसो. तू एकदाही तक्रार केली नाहीस, आणि एकदाही येते म्हणाली नाहीस. मला दोन्हींचं वाईट वाटत होतं.

पण त्या दिवशी मला वाईट वाटलं नव्हतं, मला संताप आला होता. माझा राग भांडी आदळण्यापुरता नसतो. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, कोण बसली होती होडीत? कुठल्या होडीत? कुणाबरोबर? म्हण पाठ, बाईचा पत्ता नाही! कोणीतरी होती पूर्वी, एवढंच त्यांना माहीत. मी तिथल्या तिथे ठरवलं, की जिच्या नावाने माझ्या मुलीला बोल लावला ती बाई कोण, हे शोधून काढीन. ती खरंच वाईट निघाली तर निदान कळेल तरी, आणि चांगली निघाली तर तुझ्या बाबांना त्यांचे दोन शब्द परत गिळायला लावीन. नुकतीच रिटायर झाले होते, हातात वेळ होता आणि डोक्यात राख.

पहिल्यांदा सांडोरला बाबांच्या चुलतभावाकडे गेले, सेबेस्टियन अंकलकडे. त्यांचे दात गेले पण आठवणी शाबूत आहेत. आधी उडवाउडवी केली, मग घरात कोणी नाही असं पाहून बोलले. ती म्हणजे बाबांची पणजी, त्यांच्या आजोबांची आई. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा पटकीने गेला, पदरात एक लहान मुलगा. तो मुलगा मोठ्या दिराच्या ओटीत टाकून ती मुंबईला निघून गेली. दोन-तीन वर्षांनी परत आली तेव्हा मुलाला भेटायला आधी घरी न येता अर्नाळ्याला गेली, आणि आगाशीच्या बाजाराला भाजी नेणाऱ्या आपल्याच गाडीवाल्यांनी तिला दिवेलागणीच्या वेळी एका कोळ्याच्या होडीत बसताना पाहिलं. गावात बोभाटा झाला. दिराने दार लावून घेतलं, ते तिला पुन्हा उघडलं नाही. तिचं नावसुद्धा घ्यायचं नाही असं ठरलं. आपल्याकडे नावांची कशी रीत आहे ते तू जाणतेसच. पहिल्या मुलाला आजोबांचं, पहिल्या मुलीला आजीचं. रहाटाच्या पोहऱ्यांसारखी तीच नावं फिरून फिरून वर येतात. तुझ्या आजीचं नाव राकेल, पोरं रॉकेल म्हणून चिडवतील म्हणून मी त्याचं रिचेल केलं. पण त्या पणजीचं नाव, कॅथरिन, हा एक पोहरा खाली गेला तो वर आलाच नाही.

मग चर्चमध्ये गेले. फादरांनी जुनी बुकं काढून दिली. लग्नाची नोंद होती, मरणाची नव्हती, म्हणजे ती मेली कुठेतरी दुसरीकडेच. म्हणून अर्नाळ्याच्या एसटीत बसले. एकदा, दोनदा, कितीदा तरी. किनाऱ्यावरच्या आपल्या ख्रिस्ती घरांतून विचारत फिरले, तुमच्याकडे पूर्वी कोणी कॅथरिन होती का. कॅथरिन पुष्कळ निघाल्या, पण सगळ्या जिवंत. एकीने तर मी मतदारयादीचं काम करते असं समजून घरातल्या सगळ्यांची नावं भराभर सांगितली. समोर पाण्यात किल्ल्याचं बेट दिसायचं. तिकडे जायला होडीशिवाय मार्ग नाही, गुडघाभर पाण्यातून जाऊन चढावं लागतं. मला पोहता येत नाही. वर्षभर मी ते बेट लांबूनच बघितलं. मग गेल्या डिसेंबरात एके दिवशी साडी वर खोचली आणि चढले. म्हणजे बघ, या घराण्याची सूनही होडीत बसली. माझ्या शेजारी दोन कोंबड्या होत्या, त्या माझ्यापेक्षा धीराच्या.

बेटावरही कॅथरिन कोणाला माहीत नव्हती. पुन्हा पुन्हा गेले, हाती काही नाही. यंदा सप्टेंबरअखेर समुद्र निवला तेव्हा शेवटचं म्हणून गेले. परतीच्या होडीला वेळ होता, मी बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांजवळ टेकले. त्यांच्यातल्या एका म्हातारीने विचारलं, बाई, तुम्ही इतक्यांदा येता, शोधता तरी कोणाला? मी दमले होते, उन्हाने डोकं दुखत होतं. शाळेतली भाषा गळून पडली आणि सेबेस्टियन अंकल म्हणाले होते तसंच माझ्या तोंडून निघालं, आमच्या घरची कातरीन. म्हातारीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. ती म्हणाली, "कातरीन? कातरीन माय? ती तुमची कोन?"

रिचेल, मला हसावं की रडावं कळेना. अंकल पहिल्या दिवसापासून कातरीनच म्हणत होते. मी पडले मास्तरीण. ऐकता ऐकता मनातल्या मनात मी ते शुद्ध करून कॅथरिन केलं, आणि दोन वर्षं त्या बाईला तिचं नसलेलं नाव घेऊन हाका मारत फिरले. ती तरी ओ कशी देणार? गंमत म्हणजे बेटावरच्या लोकांना कातरीन हे नाव आहे हेच ठाऊक नाही. त्यांना वाटतं, तिच्या हातात कायम कातर असायची, म्हणून ती कातरीन.

ती म्हातारी म्हणजे मनोरमाबाई. कोळीण, बेटाची जुनी दाई. सरकारी दवाखाना झाला तेव्हापासून ती फक्त बाळाला तेल लावायला आणि पोरींना धीर द्यायला जाते. तिने मला घरी नेलं, माडाखाली पाट दिला आणि सांगायला सुरुवात केली. माझी शेवटची होडी निघून गेली, एसटी गेली, पुढे मला कोणीतरी आपल्या होडीने पलीकडे उतरवलं, मासळीच्या टेम्पोतून घरी सोडलं आणि तुझ्या बाबांनी दारातच नाकाला रुमाल लावला. पण मी जे ऐकून आले होते, त्यापुढे मला कशाचंही काही वाटत नव्हतं.

कातरीनला मुलाच्या आधी एक मुलगी झाली होती. त्या काळी नाळ विळ्याने कापायचे, गवत कापायच्या विळ्याने. मुलगी आठवड्याभरात आखडून गेली, धनुर्वात. तुला मी काय सांगायचं. पण तेव्हा सगळे म्हणाले, सटवाईने नेली, देवाची मर्जी. कातरीनला मात्र ते पटलं नाही. तिचा भाऊ मुंबईत एका डॉक्टरच्या घरी स्वयंपाकी होता. नवरा गेल्यावर ती त्याच्याकडे गेली, डॉक्टरच्या बायकोच्या मागे लागली आणि बायकांच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकली. अक्षरओळख नव्हती, ती तिथे करून घेतली. आपल्या या गावांतून असं शिकायला गेलेली बाई तिच्याआधी कोणी ऐकलेली नाही. ती परत आली ती कातर, साबण आणि पांढऱ्या फडक्यांचं गाठोडं घेऊन. अर्नाळ्याला उतरली कारण आगबोटीतच तिला कळलं, बेटावर एक बाई दोन दिवस अडली आहे. त्या बाईच्या नवऱ्याच्या होडीत ती बसली. गाडीवाल्यांनी पाहिलं ते हेच. बाई वाचली, मूल वाचलं, आणि सकाळी ती गिरीजला आली तर दार बंद.

मग ती बेटावरच राहिली. पहिल्यांदा बायका तिला हसायच्या. बाळंतीण कळा देते आहे आणि ही चुलीवर हंडी ठेवून कातर उकळते आहे! कातरीची भाजी करते म्हणायच्या. पण तिच्या हातची पोरं आखडत नाहीत हे दिसायला लागलं, तसं हसणं थांबलं. किनाऱ्यावरून, आगाशीहून, थेट पाचूबंदराहूनही तिला बोलावणं यायचं. कोळी, आगरी, ख्रिस्ती, भंडारी, तिने कोणाचं घर वर्ज्य केलं नाही. मोबदल्यात जी मासळी मिळेल ती घ्यायची. एक पोरकी मुलगी तिने सांभाळली, तिला हे काम शिकवलं. ती मुलगी म्हणजे मनोरमाबाईची आजी. तिने मुलीला शिकवलं, तिने मनोरमाबाईला. रिचेल, मी हे ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तू उभी होतीस, त्या परक्या देशात, बाळंतिणींच्या वॉर्डात, कातर हातात घेऊन. बाबांनी तुला त्या बाईच्या नावाने बोल लावला होता. न कळता का होईना, किती बरोबर बोलले होते.

उठताना मनोरमाबाई म्हणाली, माझ्या नातीला दिवस भरलेत. पाचवीला तुमच्या मालकांना आणा, तिच्या रक्ताचं माणूस पाहिजे. मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, कोळणी काय, काहीही सांगतील. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, ठीक आहे, निरोप आला की मी एकटी जाऊन होडीत बसते. निरोप आला. सकाळी उठून पाहते तर यांची दाढी झालेली, चर्चमध्ये मिस्सेला घालायचा पांढरा शर्ट अंगात, आणि सुकेळ्यांचं पुडकं बांधून तयार. जेव्हा काही विचारू नये तेव्हा मी विचारत नाही. होडीत त्यांनी दोन्ही हातांनी फळी धरली होती, ती उतरेपर्यंत सोडली नाही.

पाचवीची पूजा तू पाहिली आहेस, पाट्यावर विळा ठेवतात. मनोरमाबाईच्या आणि आजूबाजूच्या चार घरांत विळा ठेवत नाहीत, कातर ठेवतात. तीच कातर, झिजून निम्मी झालेली. माडाच्या फुलोऱ्यावरची वाळलेली पोय असते ना, होडीच्या आकाराची, तिच्यात हळदकुंकू, सुताचा दोरा आणि मूठभर तांदूळ घालून ती कातरीशेजारी मांडतात. मग घरातली सर्वांत मोठी बाई बाळाच्या कानाशी वाकते. मनोरमाबाई वाकली आणि म्हणाली, "माय होरीत बसली, आता भिऊ नको."

तुझे बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी चमकून वर पाहिलं. मनोरमाबाईने त्यांच्याकडे बघून समजावून सांगितलं, की आमच्याकडे बाईला कळा सुरू झाल्या की पहिलं हेच सांगतात. पूर्वी निरोप्या कातरीन मायला आणायला गेला की घरातल्या बाया अडलेल्या बाईला सांगायच्या, माय होडीत बसली, म्हणजे आता धीर धर, मदत निघाली. माय जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तेच सांगतो, आणि पोरींना धीर येतो. आपल्या घरात शंभर वर्षं जी शिवी होती, रिचेल, तोच त्या बेटावरचा आशीर्वाद. मध्ये फक्त एवढंसं पाणी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ती मनोरमाबाईने मला पहिल्या भेटीत सांगितली नव्हती, यांच्यासाठी राखून ठेवली होती. तिची आजी दहा-बारा वर्षांची असताना एका संध्याकाळी गिरीजचा एक तरुण माणूस बेटावर आला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. कातरीन दारातून त्याच्याकडे बघत राहिली. तो तिचा मुलगा. त्याची बायको पहिलटकरीण, अडली होती. त्याने एवढंच सांगितलं, तिने गाठोडं उचललं, पोरीला बरोबर घेतलं आणि होडीत बसली. गाडी हाकत गिरीजला आले. दीर अजून जिवंत होता, म्हणून मुलाने तिला वाडीतून, गोठ्याच्या बाजूने, मागच्या दाराने आत घेतलं. बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. तिने तो सोडवला. बाळ रडलं तेव्हा ती खाली बसली आणि हसली म्हणे. सुनेने तिचा पदर धरला आणि विचारलं, तुमचं नाव ठेवू का? ती म्हणाली, हा तर मुलगा, पुढे मुलगी झाली तर ठेव. उजाडायच्या आत ती आली तशी मागच्या दाराने निघून गेली.

बाबांनी लहान मुलासारखं विचारलं, मागच्या दाराने? मनोरमाबाई हो म्हणाली. तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रोझलीन, आजी त्या पायरीवर मेणबत्ती लावायची."

तुला आठवते ना ती मेणबत्ती? मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावतं, आपण शिवाय मागच्या दाराच्या पायरीवर एक लावतो. तुझ्या फ्रॉकची झालर जळली होती ती तिथेच. मी नवीन नवरी असताना बाबांच्या आजीने मला बजावलं होतं, ही मेणबत्ती विसरू नको. का म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाल्या, या दारानेही माणसं येतात. मला वाटलं म्हातारपण. त्याच त्या पहिलटकरीण. नाव घ्यायची बंदी होती, तर त्यांनी पन्नास-साठ वर्षं उजेड लावला. आणि त्या पहाटे कातरीनच्या हातात जो मुलगा रडला, ते तुझे आजोबा. ती होडीत बसली नसती तर तुझे बाबा नसते, तू नसतीस, आणि आता पोटात पाय झाडतंय तेही नसतं.

बाबा रडले. बेटावरच्या सगळ्या बायकांसमोर, लपवाछपवी न करता. मग बायकांनी ती पोय यांच्या हातात दिली आणि सगळ्यांनी मिळून यांना किनाऱ्यावर नेलं. ज्यांना साचलेल्या पाण्याची भीती वाटायची ते तुझे बाबा बूट काढून कमरेपर्यंत पाण्यात गेले आणि ती होडी सोडून आले. परत येताना त्यांनी फळी धरली नव्हती.

पुढचं ऐक. त्यांनीच मनोरमाबाईला आमंत्रण दिलं, दोन नोव्हेंबरला आमच्याकडे या. त्या दिवशी सकाळच्या मिस्सेत मृतांची नावं वाचतात, यांनी नाव दिलं होतं. आपले नवीन फादर तरुण आहेत, शहरातले. त्यांनी वाचलं, 'कॅथरिन.' तुझे बाबा, जे चर्चमध्ये कधी मागच्या बाकावरून पुढे सरकले नाहीत, ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फादर, कातरीन." सगळ्या माना वळल्या. फादर हसले आणि त्यांनी पुन्हा वाचलं, कातरीन. शंभर वर्षांत त्या चर्चमध्ये तिचं नाव उच्चारलं गेलं ते हे असं, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. मला आतून इतकं भरून आलं, की पुढची प्रार्थना मी विसरले.

दुपारी मासळीचा टेम्पो आला. मनोरमाबाई, तिची नात, बाळ, आणि बेटावरच्या बायका, नऊवारीत, केसांत अबोलीच्या वेण्या, वाळल्या बोंबलांची जुडी घेऊन. समोरच्या चार मजल्यांच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. आळीतले झाडून सारे आले, सेबेस्टियन अंकलना रिक्षातून आणलं होतं. मी मैद्याचे फुगे तळले होते, कोंबडी केली होती. बाबांनी पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, त्यातली एक लग्नाखेरीज आपण कधी उघडत नाही. मनोरमाबाईने फडक्यातली कातर त्यांच्या हातात दिली. ते पायऱ्या चढले, उंबऱ्याशी थांबले. तिथे ते बाजूला झाले, आधी कोणालातरी आत जाऊ देतात तसे, आणि मग आत गेले. कातर घरातल्या आल्ताराखाली, क्रूसासमोर ठेवली. बेटावरच्या बायकांनी गाणी म्हटली, आपल्या बायकांनी आपली म्हटली, शेवटी दोन्ही एकत्र झाली आणि कोणाचं काय चाललंय तेच कळेना. अंकल बिनदातांनी फुगे चघळत सगळ्यांना सांगत होते, मी पहिल्यापासून म्हणत होतो, कातरीन चांगलीच होती. बोलू दे बिचाऱ्यांना. संध्याकाळी मी मेणबत्ती घेऊन मागच्या दाराकडे निघाले तर बाबांनी हात धरला. म्हणाले, आता पुढे लाव.

एवढं सगळं लिहिलं, पण हे पत्र मी तेवढ्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. ऑगस्टमध्ये तू म्हणालीस, की इथलं हॉस्पिटल चांगलं आहे, बाळंतपण इथेच करू. का ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि माहेराच्या दारात तुला कोण ये म्हणणार होतं. गेला आठवडाभर बाबांनी वाडीकडची खोली स्वतःच्या हातांनी पांढरी केली आहे. माळ्यावरचा पाळणा उतरवून त्याला तेल दिलंय. मनोरमाबाईला पाचवीचं सांगून ठेवलंय. कातर फक्त पूजेपुरती, नाळेला नाही, उगाच माझ्यावर ओरडू नकोस. बाळाचं नाव तुम्ही दोघांनी ठरवायचं, मी त्यात पडणार नाही, जे ठेवाल ते फक्त शुद्ध करणार नाही. काल मी दुपटी शिवत होते, ते समोर येऊन बसले आणि विचारलं, सातवा लागायच्या आत विमानात घेतात ना? मी म्हटलं, तुम्हीच फोन करून विचारा तिला. म्हणाले, फोनवर मी एकदा जे बोललो ते तिच्या कानात बसलंय, तेच शब्द आता कागदावर जाऊ देत. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, अंगणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लिही तिला. होडीत बस म्हणावं. जावयांनाही घेऊन बस. पुढचं दार उघडं आहे."

तुझीच,
होडीत बसून आलेली,
आई